नळी बसेपर्यंत

टेसी दिवसातून दोनदा झोपायची, आणि अर्डेलाचं स्वतःचं असं जे काही होतं ते त्या दोन झोपांत मावायचं. दुपारची झोप बेभरवशाची. वरचे दोन दात हिरडीत अडून बसले होते, त्यामुळे डोळा लागतो न लागतो तोच भोकाड. सकाळची झोप मात्र पक्की. सव्वानऊला मूठ सैल पडायची, ओठ चंबूसारखे पुढे यायचे आणि मग तासभर तरी पोर हलायची नाही. मूठ सैल पडली रे पडली की अर्डेला सफरचंदांची पेटी उचलायची. पेटीत गोधडीच्या चार घड्या, घड्यांवर टेसी. भांडी तशीच, धुणं तसंच. अंगण ओलांडून ती सासऱ्यांच्या कामाच्या खोपटात शिरायची, पेटी भिंतीच्या आडोशाला ठेवायची आणि उत्तरेच्या खिडकीखालच्या कामाच्या बाकाशी जाऊन उभी राहायची.

ते बाक तिला हवं होतं. विकत नको, वारसाहक्काने नको. नुसतं सकाळचं, टेसीच्या झोपेपुरतं हवं होतं.

बाक होतं सासऱ्यांचं, होबार्ट लेडफर्ड यांचं. टेसी जन्मल्यापासून घरदार त्यांना पॅपॉ म्हणायला लागलं होतं आणि सासूला, म्हणजे ओसीबाईंना, मॅमॉ. केनी खोऱ्यात ठासणीच्या बंदुका करणारे आता दोनच म्हातारे उरले होते. एक पॅपॉ, दुसरा टेकडीपलीकडचा क्लेल मॅब्री. चाळीस वर्षं दोघांचं एकमेकांवाचून पान हललं नव्हतं आणि चाळीस वर्षं दोघांनी एकमेकांबद्दल चांगला शब्द काढला नव्हता. कारण खोऱ्याचा रिवाजच तसा. ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी डोंगरमाथ्यावर नेमबाजी होते. आडव्या ओंडक्यावर बंदूक टेकवायची, साठ पावलांवरची फळी फोडायची, आणि जिंकेल त्याने बैलाची मागची तंगडी घरी न्यायची. पण नवी बंदूक त्या ओंडक्यावर चढण्याआधी दुसऱ्या एका कारागिराने तिची नळी 'वाचावी' लागते. त्याने यायचं, नळीला दिव्याची काजळी फासायची, ती लाकडाच्या खोबणीत बसवायची, पुन्हा उचलायची आणि लाकडावर काळं कुठे उमटलं, कुठे नाही, ते वर्तमानपत्रासारखं वाचायचं. पसंत पडलं तर खोबणीत शिसपेन्सिलीने आपलं नाव लिहायचं. वर नळी बसली की ते नाव कायमचं झाकलं जातं. तर पॅपॉंच्या प्रत्येक बंदुकीच्या पोटात क्लेलचं नाव होतं आणि क्लेलच्या प्रत्येक बंदुकीच्या पोटात पॅपॉंचं. दोन्ही दातओठ खाऊन लिहिलेली.

पैज लागली ऑगस्टमध्ये, जेवणाच्या टेबलावर. त्या वर्षी पॅपॉंनी एक अजब गोष्ट केली होती. आयुष्यभर फळीतून दस्ता, म्हणजे बंदुकीचं लाकडी अंग, कोरून काढणारा माणूस, त्याने मिसुरीतल्या कुठल्याशा गिरणीतून अर्धवट घडवलेला दस्ता टपालाने मागवला. मेपलचं लाकूड सुंदर होतं, वाघाच्या अंगावर असतात तसे पट्टे. खोबण यंत्रानेच कापलेली, पण ओबडधोबड आणि अरुंद. "पाठ दुखते हल्ली," पॅपॉ म्हणाले होते. मग तो दस्ता महिनोन् महिने खुंटीवर टांगून राहिला आणि नळी कोपऱ्यात उभी राहिली.

"ती नळी मी बसवते," अर्डेला एकदम म्हणाली.

पॅपॉ ताकात मक्याचा पाव कुस्करत होते. ते इतके हसले की ताक नाकातून आलं.

"तू? अगं, बरणीचं झाकण बसवणं वेगळं आणि हे वेगळं!"

"माझे बाबा लाकडाच्या गिरणीत होते. मी भुशात रांगलेय."

"भुशात उंदीरही रांगतात, पोरी."

"मग उंदीर समजून द्या एकदा."

टेबलापलीकडून मॅमॉ म्हणाल्या, "घाबरता कशाला? बसली तर बसली."

घाबरता म्हटल्यावर पॅपॉ फुगले. त्यांनी चमचा आपटून अटी सांगितल्या. नेमबाजीच्या आदल्या शनिवारपर्यंत क्लेलने खोबणीत नाव लिहिलं तर सकाळी बाक अर्डेलाचं, आणि वर चकमकीचा घोडा बसवायचं कामही ते तिला शिकवतील. नाही लिहिलं तर तिने त्यांच्या पटाशांना जन्मात हात लावायचा नाही, आणि वर्षभर त्यांचे बूट पुसायचे.

"दोन्ही?" अर्डेलाने विचारलं.

"माणसाला पाय दोन असतात," पॅपॉ म्हणाले.

तिचा नवरा डेल लाकडाचा ट्रक चालवायचा, शुक्रवारी घरी यायचा. त्याला पैज सांगितली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "बूट पुसायचा ब्रश कपाटात वरच्या फळीवर आहे."

*

नळी साडेतीन फूट लांब, आठ पैलूंची. बुडाशी जाड, मध्ये बारीक आणि तोंडाशी पुन्हा जरा फुगलेली, त्यामुळे ती मागेपुढे सरकवून बसवता येत नाही. पाळण्यात झोपलेलं मूल ठेवतात तशी एकदम, सरळ, वरून खाली ठेवावी लागते. आणि बूड मागच्या लाकडाला टेकलंच पाहिजे. तिथे केसाएवढी फट राहिली तरी बार उडाल्यावर दणक्याने दस्ता चिरतो. बूड टेकावं म्हणून जास्त लाकूड काढलं तर नळी मागे सरकते आणि रंजकाचा कान, म्हणजे बार पेटवायचं भोक, भलतीकडे जातो. थोडक्यात, काढलेलं लाकूड परत लावता येत नाही. अर्डेलाला हे फार आवडलं होतं. घरात बाकी सगळं रोज पुन्हा करावं लागायचं.

पहिल्याच दिवशी तिने घोळ घातला. काजळी फासली, नळी ठेवली आणि लाकडी हातोडीने अशी काही ठोकली की ती अर्ध्यावर जाऊन अडकली. वर येईना, खाली जाईना. पॅपॉ दाराच्या चौकटीला टेकून मजा बघत होते.

"झालं की! आता अशीच घेऊन जा ओंडक्यावर. लोकांना सांग, नवीन तऱ्हा आहे."

"काढायची कशी ते सांगा ना."

"काढायची कशाला? फुलं लाव त्यात."

शेवटी त्यांनीच दाखवलं. दस्ता उलटा धरायचा, नळीच्या शेपटीशी दोरी बांधायची आणि लाकडाला मुठीने नुसतं थोपटायचं. "ढेकर काढतेस ना पोरीची? तसं." चौथ्या थोपटण्याला नळी सुटून खाली अंथरलेल्या गादीवर पडली. त्या दिवसानंतर अर्डेलाने हातोडी भिंतीला टांगली आणि नळी तळहातानेच दाबायची ठरवलं.

मग रोजचं तेच. कंदिलाच्या काचेत जमलेली काजळी थेंबभर तेलात कालवायची, जुन्या दाढीच्या ब्रशाने नळीच्या पैलूंवर पातळ लावायची, नळी बसवायची, उचलायची. लाकडावर जिथे काळे ठिपके, तिथे लाकूड उंच. तेवढंच पोलादी पट्टीने खरवडायचं. पुन्हा काजळी, पुन्हा नळी. आधी पाच ठिपके, मग अकरा, मग मोजायच्या पलीकडचे. सगळं लाकूड एकसारखं काळं झालं की नळी बसली. एका झोपेत फार तर चार फेऱ्या व्हायच्या. मधूनच पेटीतून उसासा यायचा की अर्डेलाचा हात हवेत थांबायचा, आणि पोरीने कूस बदलून पुन्हा घोरायला सुरुवात केली की खाली यायचा.

काजळी मात्र थांबायचं नाव घेईना. ती दाराच्या कडीवर गेली, मॅमॉंच्या पिठाच्या डब्यावर गेली, टेसीच्या गालावर तीट लावल्यासारखी बसली. "माझा सगळा घरसंसार कोळशाच्या खाणीत गेला," मॅमॉ म्हणायच्या आणि पंचा उलटा करून वापरायच्या.

एकदा पॅपॉंनी अर्डेलाच्या कॉफीच्या पेल्याच्या काठाला काजळी लावून ठेवली. ती दिवसभर मिशी घेऊन हिंडली. टपालवाला आला, तिच्याकडे पाहून अदबीने टोपी काढली आणि टपाल देऊन गेला. संध्याकाळी आरशात पाहिलं तेव्हा तिला कळलं. पुढच्या रविवारी तिने पॅपॉंच्या चर्चच्या कोटाच्या पाचही बटणांना काजळी लावली. त्यांनी कोट घातला, बटणं लावली, नाक पुसलं, कान खाजवला आणि पहिल्या बाकावर जाऊन बसले. प्रार्थना संपल्यावर पाद्रीबुवांच्या पांढऱ्याशुभ्र बाहीवर प्रेमाने हात ठेवला. बाहीवर पाच बोटं उमटली. मागच्या तीन रांगांत गाणं म्हणता म्हणता लोकांना खोकला लागला.

अर्डेलाला वाटलं होतं, बटणं लावल्यावर आपले हात काळे झालेले ते बघतील आणि गाडीतच तिच्यावर ओरडतील. पण घरी येऊन मॅमॉंनी आरसा पुढे धरेपर्यंत त्यांनी हूं की चूं केलं नाही. मग म्हणाले, "मला माहीत होतं. म्हटलं, प्रवचन लांबलंय, लोकांना काहीतरी विरंगुळा हवा."

अर्डेला हसली. पण तिला ते जरा खटकलं.

*

सप्टेंबर सरत आला. एका मंगळवारी टेसीने रात्रभर दातापायी सगळ्यांना जागवलं होतं. सकाळी अर्डेला खोपटात गेली ती अर्धी झोपेतच. नळी उचलली, बसवली, दाबली, काढली. तेवढ्यात टेसी कुरकुरली म्हणून तिला थोपटायला वळली. पॅपॉ शेंगांची टोपली ठेवून आत आले आणि सवयीप्रमाणे दस्त्यावर वाकले. खोबणीतून अंगठा फिरवला.

"डाव्या बाजूला काळं आहे, बुडापासून वीतभर. आणि इथे, तोंडाच्या अलीकडे. दोन ठिकाणी दिसतंय चांगलं ढळढळीत. ते काढ."

"काढते," अर्डेला म्हणाली. पॅपॉ शेंगा सोलायला निघून गेले.

तिने पट्टी उचलली, वाकली आणि तशीच राहिली. खोबणीत काळं नव्हतंच. एक ठिपका नाही. कालचं खरवडलेलं गोरंपान लाकूड. तिने नळी पाहिली, नळी लख्ख. आज ती काजळी लावायलाच विसरली होती.

आधी तिला वाटलं, म्हातारा पुन्हा चेष्टा करतोय. मग तिने काजळी कालवली, नळीला फासली, बसवली, काढली. दोन काळे ठिपके. डाव्या बाजूला, बुडापासून वीतभर. आणि तोंडाच्या अलीकडे.

अर्डेला स्टुलावर बसली. मनात एकेक गोष्ट येऊन बसायला लागली. टपालाने मागवलेला दस्ता. महिनोन् महिने खुंटीवर. "माझे हात भरलेत, तूच वाच ना" म्हणून तिच्याकडून वाचून घेतलेलं वर्तमानपत्र. पाद्रीबुवांची बाही. पॅपॉंना काळं दिसत नव्हतं. पांढरंही बहुधा धुक्यातूनच दिसत असावं. आणि तरी त्या अंगठ्याला केसाएवढा उंचवटा कळत होता. तिला गुडघाभर काजळी कालवूनही जे उशिरा दिसायचं, ते त्यांनी जाता जाता सांगितलं होतं.

ती पेटी उचलून स्वयंपाकघरात गेली. मॅमॉ सफरचंदांचा मुरंबा ढवळत होत्या.

"मॅमॉ, पॅपॉंचे डोळे..."

मॅमॉंनी डाव वर काढला आणि ओठांवर बोट ठेवलं. बोटाला मुरंबा होता, तो चाटला.

"दीड वर्ष झालं," त्या हळूच म्हणाल्या. "गेल्या हिवाळ्यात आठवडाभर कॉफीत मीठ घालून प्यायले. तोंड वाकडं केलं नाही, गं. म्हणाले, आज कॉफी जरा कडक आहे. तेव्हापासून मी मिठाची बरणी लपवते."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"त्यांना वाटतं मला माहीत नाही. बेचाळीस वर्षांच्या संसारात तेवढं एक गुपित आहे बिचाऱ्यांकडे, राहू दे म्हटलं. नॉक्सव्हिलचा डॉक्टर डोळ्यात सुरी घालतो असं कोणीतरी सांगितलंय. त्याला घाबरतात. आणि त्याहून जास्त क्लेलला." मॅमॉ पुन्हा ढवळायला लागल्या. "परवा पेंडीच्या दुकानात खुंटीवर कोणाचा तरी कोट टांगला होता. त्याला म्हणाले, काय क्लेल, वजन उतरलंय तुझं! आणि क्लेल मागेच उभा."

"अरे देवा."

"काही बोलला नाही तो. नुसता हसला. म्हणजे बोलणार आहे, पण चारचौघांत."

*

आणि शनिवार आला. सकाळी टेसी नेमकी अर्ध्या तासात उठली. अर्डेलाची शेवटची फेरी राहूनच गेली. उजव्या बाजूला, बुडाच्या कोपऱ्यात एक जागा होती. तिथे काळं जरा दाट उमटत होतं. तीन हात मारले असते की झालं असतं. पण पोर रडत होती, आणि अंगणात क्लेलचा ट्रक येऊन थांबला होता. अर्डेलाने मनाशी म्हटलं, क्लेलसाठी काजळी पातळच कालवून ठेवू. एवढंसं काय कळतंय.

क्लेल मॅब्री आत आला तो मिशीवर ताव देत. वाळक्या शेंगेसारखा म्हातारा, पण मिशी जाड.

"मग, होबार्ट? ऐकलं, सुनेने नळी बसवली. तू काय करत होतास, पाळणा हलवत होतास?"

"तुझ्या नळ्या वाचून वाचून थकलो होतो, क्लेल. म्हटलं, जरा चांगलं काम बघावं."

"वा. मग बघच." क्लेलने दस्ता उचलून पॅपॉंच्या हातात दिला. "आज असं करू. आधी तू वाच, मोठ्याने. इथे काळं आहे, तिथे नाही, असं बोट ठेवून सांग. मग मी वाचतो. दोघांचं जुळलं की मी नाव लिहितो. सुनेचं काम आहे, उगाच कोणी म्हणायला नको की घरातल्या घरात झाकलं."

बोलताना तो पॅपॉंच्या तोंडाकडे बघत होता, मांजर बिळाकडे बघतं तसं. पॅपॉंचे कान लाल झाले. त्यांनी दस्ता धरला होता, पण मान खाली वळली नाही; वळवून उपयोगही नव्हता. दारात मॅमॉ टेसीला कडेवर घेऊन उभ्या होत्या. त्यांनी अर्डेलाकडे पाहिलं.

"मिस्टर क्लेल," अर्डेला म्हणाली, "तुम्ही अजून डोळ्यांनी वाचता?"

"म्हणजे?"

"नाही, पॅपॉंनी मला सांगितलं, काजळी शिकाऊ लोकांसाठी असते. जाड लावली की सगळंच काळं, पातळ लावली की सगळंच गोरं. खरा कारागीर अंगठ्याने वाचतो. मला वाटलं तुम्हालाही येत असेल. नसेल तर राहू दे."

पॅपॉंनी हे आयुष्यात कधी सांगितलं नव्हतं. त्यांच्या भुवया वर गेल्या आणि कशाबशा खाली आल्या.

"नसेल तर?" क्लेल फुरफुरला. "पोरी, तुझा बाप चड्डीत नव्हता तेव्हापासून मी नळ्या बसवतोय!"

"मग डोळे बांधूनच होऊ दे ना. दोघांचेही. म्हणजे कोणी चोरून बघितलं असं व्हायला नको."

मॅमॉ कधी आत गेल्या आणि कधी परत आल्या ते कळलं नाही. त्यांच्या हातात टेसीचे दोन धुतलेले लंगोट होते.

"स्वच्छ आहेत," त्या म्हणाल्या. "बहुतेक."

क्लेलने लंगोट पाहिला, दाराकडे पाहिलं. पण शब्द तोंडातून गेला होता. दोन्ही म्हातारे बाकाशी शेजारी शेजारी डोळ्यांवर लंगोट बांधून उभे राहिले. टेसीला हे इतकं आवडलं की तिने टाळ्या पिटल्या.

अर्डेलाला मात्र हसू येईना. कारण बोलून झाल्यावर तिला तो उजवा कोपरा आठवला. काजळी पातळ ठेवून क्लेलचे डोळे चुकवता आले असते. पॅपॉंचा अंगठा चुकणार नव्हता. आणि त्यांनी तो कोपरा दाखवला की पैज गेली, बाक गेलं, वर्षभर बूट. नाही दाखवला तर क्लेल आता स्वतः काजळी कालवून तपासणार आणि पॅपॉ उघडे पडणार. तिने स्वतःच स्वतःला दोन्ही बाजूंनी खोबणीत बसवून घेतलं होतं.

आधी क्लेल. त्याचा अंगठा भराभर फिरला, एकदा जाताना, एकदा येताना.

"लोण्यासारखं आहे," तो म्हणाला, आणि त्याला स्वतःलाच ते आवडलं नाही. "कबूल करायला हवं. कुठे काही नाही. लोणी."

मग पॅपॉ. त्यांनी आधी तळहात पॅन्टला पुसला. अंगठा तोंडाकडून निघाला, हळू, फार हळू. अर्डेलाने दोन महिन्यांत केलेली प्रत्येक सकाळ त्या अंगठ्याखालून जात होती. मध्यावर तो जरा रेंगाळला. तिथे तिने चार दिवस घालवले होते. पॅपॉंच्या तोंडावर हसू येऊन गेलं. अंगठा पुढे सरकला. बुडाचा डावा कोपरा. मग उजवा.

तिथे तो थांबला. गेला, परत आला, पुन्हा थांबला.

अर्डेलाला दिसत होतं की त्यांना कळलंय. त्यांनाही कळत होतं की बोललं तर पोरीचं काय जातंय. त्यांनी अंगठा उचलला, पॅन्टला पुसला आणि पुन्हा तिथेच ठेवला.

"बोला, पॅपॉ," ती म्हणाली. "वाचायचं म्हणजे असेल ते वाचायचं."

"इथे," पॅपॉ म्हणाले. "सिगारेटच्या कागदाएवढं उंच. उजवा कोपरा."

"काहीतरीच!" क्लेलने लंगोट वर सरकवला. "मी दोनदा फिरवला हात. तिथे काही नाही!"

"लाव मग काजळी."

क्लेलने लावली. स्वतःच्या हाताने कालवली, फासली, नळी बसवली, दाबली, थोपटून काढली. सगळी खोबण एकसारखी मऊ काळी उमटली होती. आणि उजव्या कोपऱ्यात मसुराएवढा दाट ठिपका, त्याच्यामागे गोरी रेघ. क्लेल त्याकडे बघतच राहिला. मग पॅपॉंकडे, त्यांच्या डोळ्यांवर अजून लंगोट होता. मग पुन्हा ठिपक्याकडे. त्याने विचारात पडून मिशी चोळली.

"हं," तो म्हणाला. "म्हणजे त्या दिवशी दुकानात तू माझी चेष्टा करत होतास तर. कोटाशी बोलून."

पॅपॉंनी डोळ्यांवरचा लंगोट सारखा केला.

"मग काय," ते म्हणाले. "वजन खरंच उतरलंय तुझं."

क्लेलने पेन्सिल खिशात ठेवली. "ते असो. ठिपका तो ठिपका. मी नाव लिहिणार नाही. रिवाज आहे."

"बरोबर आहे," अर्डेला म्हणाली. "पण शनिवार अजून संपला नाही."

तिने पट्टी उचलली. टेसी मॅमॉंच्या कडेवर बडबडत होती. अर्डेलाने वाकून श्वास धरला. एक हात. दुसरा. लाकडाची साल निघाली ती इतकी पातळ, की उच्छ्वासाने उडून गेली. तिसरा हात तिने मारलाच नाही. पट्टी खाली ठेवली आणि अंगठा फिरवला, पॅपॉंनी फिरवला तसा.

"लावा काजळी," ती म्हणाली.

या वेळी कोपरा बाकीच्यासारखाच उमटला. क्लेल नाक लाकडाला लागेपर्यंत वाकला. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, दस्ता खिडकीशी नेऊन पाहिलं.

"तरी पण," तो म्हणाला, "बायकांच्या नळीत आपलं नाव म्हणजे..."

"क्लेल," मॅमॉ गोड आवाजात म्हणाल्या, "उद्या चर्चमध्ये मी काय सांगू? तुम्ही डोळ्याला लंगोट बांधून लोणी म्हणालात, ते आधी सांगू की ठिपका निघाला, ते आधी सांगू?"

क्लेलने पेन्सिल काढली. नाव लिहिलं, नेहमीपेक्षा बारीक, पण पूर्ण. अर्डेलाने नळी खोबणीवर ठेवली. ठोकायची, दाबायची गरजच पडली नाही. नुसत्या वजनाने ती उतरत गेली आणि शेवटी हवेचा एक छोटा सुस्कारा टाकून थांबली, पेटीतली टेसी झोपेत टाकायची तसा.

क्लेल गेला. काजळीने माखलेल्या मिशीचा अर्धा भाग त्याच्या गालापर्यंत पोचला होता. तो तिथून सरळ दुकानात जाणार होता. कोणी त्याला काही सांगितलं नाही.

मॅमॉ टेसीला घेऊन आत गेल्यावर पॅपॉंनी लंगोट सोडला आणि घडी घालून बाकावर ठेवला. घडी नीट चौकोनी झाली.

"ते अंगठ्याचं," ते म्हणाले, "मी कधी सांगितलं तुला?"

"सांगितलंत की. आठवत नसेल."

"हं." त्यांनी घडीवरून हात फिरवला. मग, "ओसीला यातलं काही बोलू नकोस. उगाच काळजी करेल."

"छे, मी कशाला बोलू," अर्डेला म्हणाली, तोंडाची रेघही न हलवता.

"बरं. घोडा बसवायचं काम नळीपेक्षा वाईट असतं. सोमवारी सात वाजता ये. उशीर चालणार नाही."

"सकाळी बाक कोणाचं?"

"तुझं. ठरलंय ते."

"मग सातला नाही, सव्वानऊला. आणि मी येणार नाही, मी असेन. तुम्ही यायचं. दार वाजवून."

"माझ्या खोपटाचं दार? हे खोपट मी बांधलंय, पोरी!"

"दार छान झालंय. वाजवायला चांगलं आहे."

पॅपॉंनी बाह्या सारख्या केल्या. मग ते वळले आणि बाकाच्या कडेवरून, शिकंज्यावरून, भिंतीवरून बोटं सरकवत बाहेर गेले. जाताना दार ओढून घेतलं. पावलं दोन पायऱ्या उतरली, थांबली, पुन्हा चढली.

टकटक.

"कोण आहे?" अर्डेलाने आतून विचारलं.

"घोड्याच्या कामाला माणूस हवाय असं ऐकलं," बाहेरून आवाज आला. "म्हातारा आहे, पण हात बरे आहेत."

अर्डेला स्टुलावर बसली. समोर बाकावर नळी आपल्या जागी निवांत पडली होती आणि तिच्या हातात करायला काहीही नव्हतं. असं कितीतरी महिन्यांत झालं नव्हतं.

"थांबा जरा," ती म्हणाली. "हातातलं काम संपू दे."